ताईच्या हातची नळी

ताईच्या बोटाला कुसळ सापडायचं. भिंगाखालीही नजरेतून सुटेल असं बारीक टोक तिच्या अंगठ्याच्या पेराखाली आलं की ती थबकायची आणि म्हणायची, "इथे आहे बघा." उमेदीची सगळी वर्षं तिने कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली होती. कारखाना म्हणजे तरी काय, एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. एकीत साचे, एकीत भट्टी आणि तिसरीत खिडकीपाशी ताई. पुढ्यात गरगर फिरणारं चाक, त्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती आणि शेजारच्या वाटीत पांढरी पेस्ट. कवळीला आतून जराशी धार राहिली तर म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला फोड येतो आणि ते माणूस जेवणच सोडतं. म्हणून शेवटचा हात ताईचा. मालक म्हणायचे, "हिने हात फिरवला की दगडालासुद्धा साय येते."

लग्न तिने केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणे, "लोकांच्या दातांच्या नादात माझंच राहून गेलं," आणि विचारणारा हसला की आपणही हसे. धाकट्या भावाचा संसार झाला तसा मोडला. त्याबद्दल घरात कुणी ब्र काढत नसे. बहीण-भाऊ दोघं एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. भाऊ पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कामाला, नाकासमोर चालणारा माणूस. नाद म्हणाल तर एकच. सुट्टीच्या दिवशी क्लबात जायचं आणि छऱ्याच्या बंदुकीने कागदी कार्डावर नेम धरायचा.

पुढे कारखान्यात मशीन आलं आणि ताई घरी बसली. सवय हातांची होती, ते काही घरी बसेनात. पितळेची भांडी घासून झाली, दारांच्या कड्या घासून झाल्या, खिडकीच्या गजांचा रंग खरवडून तिने तेही चकचकीत केले. भाऊ म्हणाला, "ताई, आता मी तेवढा राहिलोय."

एका सुट्टीला तो क्लबातून तोंड पाडून आला. नवी नळी बसवून घेतली होती, तरी छर्रे कार्डभर उधळले होते. दुकानदार म्हणे, नेम तुमचाच वाईट.

"आण इकडे," ताई म्हणाली.

तिने नळी सुटी करून खिडकीकडे धरली आणि आत डोकावली. नळीच्या आत पिळाच्या रेघा असतात. त्या छऱ्याला गिरकी देतात आणि गिरकी मिळालेला छर्रा सरळ जातो. त्या रेघांच्या कडांवर तिला बंदुकीच्या कारखान्याने तशीच सोडलेली खरबड दिसली. मग तिने सळईने एक छर्रा हळूहळू आतून सरकवला. डोळे मिटून घेतले होते. "इथे अडकतोय. आणि इथे. मग मधे सैल. हे बघ, परत अडकला." नळीच्या तोंडावरून तिने कापसाचा बोळा फिरवला. एका जागी कापसाचा तंतू अडकून राहिला. "कवळी आहे ही तुझी," ती म्हणाली. "टोचणारी."

तिने काठीला मऊ कापड गुंडाळलं, त्याला तिची ती पेस्ट लावली आणि पुढचे काही दिवस ती दुपारची खिडकीपाशी बसून नळीशी गुजगोष्टी करत राहिली. घाई केली नाही. जास्त घासलं तर पीळच मरतात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पुढच्या सुट्टीला भावाने कार्ड आणून तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. मधोमध एकच भोक होतं, जरासं फाटलेलं.

"एकच मारलास?"

"सगळे त्यातूनच गेले," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

बातमी क्लबात पसरायला वेळ लागला नाही. लोक कापडात गुंडाळलेल्या नळ्या घेऊन जिना चढू लागले. ताई त्यांना बसवी, नळीत डोकावून पाही, आणि "चार दिवसांनी या" म्हणे. तिची कळा पालटली. ती पुन्हा गुणगुणायला लागली होती, हे भावाच्या लक्षात आलं होतं.

आता समोरच्या माणसाविषयी सांगायला हवं.

गल्ली अरुंद होती. समोरच्या इमारतीत अगदी वरती गच्चीला लागून एक खोली होती आणि तिथे एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहत. तोंडावर त्यांना सगळे साहेब म्हणत. पाठीमागे गल्लीने त्यांचं नाव शांतोबा ठेवलं होतं. कारण त्यांना आवाज खपत नसे. सायकलची घंटी, कुकरची शिट्टी, पोरांचं खिदळणं, कबुतरांचं घुमणं, सगळ्याचाच त्यांना त्रास. ते कधी ओरडत नसत. ओरडणं हाही आवाजच. ते गच्चीच्या कठड्याशी येऊन उभे राहत आणि आवाज करणाऱ्याकडे तो गप्प होईपर्यंत नुसते बघत राहत.

त्यांच्याकडे एक जुनी एअरगन होती. कबुतरांवर आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांवर ते ती चालवत आणि वर्षानुवर्षं त्यांचा एकही छर्रा लागला नव्हता. गल्लीला त्याची गंमत वाटे. फट्‌ असा आवाज आला की कोपऱ्यावरची शिंपीण मशीन थांबवून म्हणे, "शांतोबांनी ज्याच्यावर नेम धरला त्याने घाबरू नये, शेजारच्याने सांभाळावं." सगळे खो खो हसत. तिच्या पायाशी एक पांढरं, एका कानावर काळा ठिपका असलेलं कुत्रं असे. त्या ठिपक्यावरून तिने त्याचं नाव बटण ठेवलं होतं. बटण सायकलींवर भुंके. शिंपीण म्हणे, "गिऱ्हाईक आल्याची तेवढीच वर्दी."

एके दिवशी दुपारी शांतोबा ताईच्या दारात उभे राहिले. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी तळाचे बूट, हातात कापडात गुंडाळलेली बंदूक. चपला-बूट बाहेर काढायचे का, हेसुद्धा त्यांनी विचारून घेतलं.

"तुमच्या हाताबद्दल ऐकलं," ते म्हणाले. "आमची ही म्हातारी जरा भरकटते. गच्चीवर डब्यांवर नेम धरतो मी. तेवढाच विरंगुळा."

ताईने नळीत डोकावलं आणि तिच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघालं. इतकी वाईट नळी तिने पाहिली नव्हती. गंज, ओरखडे, तोंडाशी टवका. वाईट कवळी हातात आली की तिला जसं व्हायचं तसं झालं: हात शिवशिवायला लागले.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "कशाला त्या माणसाच्या नादी लागतेस? तो डब्यांवर मारतो असं मी तरी कधी पाहिलं नाही."

"मारेना का कशावरही. लागतं कुठे?"

"तू केल्यावर लागेल ना."

ताईने ते ऐकलं, पण ऐकून सोडून दिलं. तिचं लक्ष नळीत होतं. गंज मऊ करायला तिने आधी तेलात ठेवली, मग कापड, मग ब्रश, मग पुन्हा कापड. तोंडाचा टवका तिने इतका हळूहळू उतरवला की नंतर बोळा फिरवला तेव्हा कापूस लोण्यावरून सरकावा तसा सरकला. शेवटच्या दिवशी तिने नळी खिडकीकडे धरली. आत उजेडाची गोल गोल कडी एकात एक सरळ लांबपर्यंत गेली होती. आयुष्यात आपल्या हातून इतकं चांगलं काम झालं नाही, असं तिला वाटलं. ते खरंही होतं.

शांतोबांनी बंदूक घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेले.

आधी कबुतरं कमी झाली. ते कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं की हल्ली फट्‌ असा आवाज एकदाच येतो; पूर्वी चार-पाच वेळा यायचा. मग कुणाच्या तरी बाल्कनीत वाऱ्यावर किणकिणणारी काचेची माळ टांगलेली होती, तिची दोरी मधोमध तुटून ती खाली पडली. एका पोराच्या सायकलची घंटी सायकल उभी असताना चेपली गेली. पोराच्या बापाने गल्लीत उभं राहून वर बघत शिव्या दिल्या. वरून कुणी उत्तर दिलं नाही. मात्र तो माणूस शिव्या देता देता एकदम गप्प झाला आणि आत निघून गेला. नंतर तो म्हणाला, "वर काहीतरी चमकलं. मला वाटलं, आता माझ्यावर."

शिंपीण आता फट्‌ ऐकू आलं की मशीन थांबवत नव्हती. पायानेच बटणला मशीनखाली ढकलत होती.

ताईच्याच इमारतीत तळमजल्यावर एक मास्तर राहत. बायको गेल्यापासून त्यांना सोबत एका पोपटाची. पोपट सकाळपासून "चहा झाला का?" असं त्या बाईंच्याच आवाजात विचारायचा. एका सकाळी तो विचारेना. मास्तर बाहेर येऊन बघतात तर पिंजरा जिथल्या तिथे, दार लावलेलं, गजांना ओरखडासुद्धा नाही, आणि पोपट तळाशी पडलेला. दोन गजांमधून छर्रा गेला होता.

मास्तर पोलिसांत जाऊन आले. "कुणी पाहिलं का, असं विचारतात," ते जिन्याच्या पायरीवर बसून सांगत होते. "कोण पाहणार? पाहायला मान वर कोण करतंय?" त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत चेपलेला छर्रा होता. "ताई, तुला यातलं कळतं. बघ गं, हे काय आहे."

ताईने छर्रा बोटावर घेतला. एका बाजूने चपटा झाला होता, पण दुसरी बाजू शाबूत होती. तिच्यावर पिळाच्या रेघा उमटल्या होत्या, बारीक, सारख्या, एकीलाही कुठे खरबड नाही. असे छर्रे सोडणारी नळी गल्लीत एकच होती. तिने अंगठा फिरवला. बोटाला काही लागलं नाही, अगदी काही नाही.

"छर्राच आहे," ती म्हणाली. मास्तरांनी पुडी परत बांधली.

त्याच आठवड्यात बाजारातून येताना तिला शांतोबा भेटले. त्यांनी तिच्यासाठी वाट सोडली, हातातली पिशवी घेऊ का म्हणून विचारलं. मग थांबून म्हणाले, "ऐकू येतंय?"

"काय?"

"काहीच नाही. तेच म्हणतोय मी." ते हसले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. "एवढी वर्षं तळमळत काढली. आता झोप लागते. तुमचे उपकार आहेत, ताई."

ताई घरी आली ती थेट मोरीत गेली आणि तिने हात धुतले. मग खिडकीपाशी वाळत घातलेल्या दुसऱ्यांच्या नळ्या गोळा करून तिने त्या कपाटात ठेवल्या.

पुढची पाळी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शांतोबा स्वतः शिंपिणीच्या दुकानाशी येऊन अदबीने सांगून गेले होते. "बाई, कुत्र्याला आवरा. मी एकदाच सांगत असतो." शिंपीण मोठ्या तोंडाची बाई, पण त्या वेळी तिच्या तोंडाला कुलूप लागलं. तिने बटणला दोरी बांधली. पण भुंकण्याला कुठे दोरी बांधता येते? सायकल दिसली की तो भुंकायचाच.

शेवटी ताईने एकटीने ठरवलं. भावाला सांगितलं नाही. ती समोरच्या इमारतीचा जिना चढून गेली.

शांतोबांची खोली तिने पहिल्यांदाच पाहिली. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवलेले. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. भिंतीवर एक घड्याळ होतं, पण बंद. टिकटिक नको म्हणून त्यांनीच त्याचा सेल काढून ठेवला होता. बंदूक पलंगावर उशीशेजारी होती.

"एक काम राहिलं माझ्याकडून," ताई म्हणाली. "तोंडाशी जरासं. रुखरुख लागलीय. द्या दोन दिवस."

शांतोबा तिच्याकडे बघत राहिले. गच्चीवरून बघायचे तसे. ताईने हात पुढे केला.

"मला तर काही कमी वाटली नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला वाटत असेल तर असेल. तुमचा हात मोठा." त्यांनी बंदूक कापडात गुंडाळली, गाठ मारली आणि तिच्या हातात दिली.

घरी तिने दार लावून घेतलं आणि कानस काढली. नळीच्या तोंडाची कड ही सगळ्यात नाजूक जागा. छर्रा बाहेर पडताना त्या कडेला सगळीकडे सारखाच सुटला पाहिजे. एका बाजूला केसभर जरी खाली-वर झालं तरी मागची सगळी मेहनत पाण्यात. हे ती जाणून होती म्हणूनच तिने ती जागा निवडली. कानशीचा एकच हात. बास. तिने बोळा फिरवला. कापूस अडकला. स्वतःच्याच हाताने कुणाची हिरडी कापावी तसं तिला झालं, पण त्या रात्री तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बंदूक परत गेली. आणि खरोखरच, छर्रे चुकू लागले. कबुतरं फडफडून उडत आणि परत येऊन बसत. एक छर्रा पाण्याच्या टाकीला लागला आणि ठण्‌ असा आवाज झाला, तेव्हा गल्ली कितीतरी दिवसांनी हसली. शिंपीण म्हणाली, "आले हो आपले शांतोबा परत!" मास्तर मात्र हसले नाहीत.

फक्त एक गोष्ट वेगळी होती. आवाज आता थांबेनात. फट्‌, मग थोडा वेळ, मग परत फट्‌. पूर्वी शांतोबा चार-पाच मारून कंटाळून आत जात. आता ते जात नव्हते.

दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना ताईने भावाला सांगून टाकलं. तिला वाटलं, तो शाबासकी देईल. त्याने कप खाली ठेवला.

"बिघडवलीस म्हणजे बंद नाही केलीस, ताई. छर्रा कुठेतरी जाणारच ना."

"जाईना. पहिल्यासारखंच झालं. इतकी वर्षं काय कुणाला लागलं होतं?"

"पहिल्यासारखं कसं? तेव्हा त्याला माहीत होतं, आपला नेम लागत नाही. तो रस्त्यावर माणूस असताना मारायचा नाही. आता त्याला माहीत आहे की लागतो; दोन दिवस चुकतोय तरी पुढचा लागेलच, असं त्याला वाटतंय." भाऊ उठून खिडकीशी गेला. "तो आता शिंपिणीच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यावरसुद्धा नेम धरेल."

 इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? आपण नळीचा विचार केला, माणसाचा केलाच नाही. "मी जाते," ती म्हणाली. "मागून आणते. नाही दिली तर सांगते सगळं." ती चपला घालत होती.

खाली सायकलची घंटी वाजली. बटण भुंकला. फट्‌.

मग शिंपिणीच्या मशीनचा आवाज थांबला, आणि ती ओरडली.

दोघं जिना उतरून पोचले तोवर माणसं गोळा झाली होती. शिंपीण दुकानाच्या उंबऱ्यात बसली होती. शिवायला घेतलेलं कुणाचंतरी पांढरं कापड तिने तोंडाला धरलं होतं आणि ते लाल होत चाललं होतं. छर्रा डाव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडात घुसला होता. बटण मशीनखाली धडधाकट होता. भावाने तिला उचललं, समोरच्या दुकानदाराने गाडी काढली.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून शांतोबा बाहेर आले. बंदूक हातातच होती, नळी खाली केलेली. घाई नाही, घाम नाही. गर्दी आपोआप मागे सरली.

"माझं चुकलेलं नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू, म्हणून सगळ्यांना कान द्यावे लागले. "मी कुत्र्यावर धरला होता. बरोबर कपाळावर. या बंदुकीचा नेम हातभरानेच काय, बोटभरानेही चुकत नव्हता. पोपटाच्या वेळी दोन गजांमधून काढला होता मी. ही बिघडवलेली आहे." त्यांनी मान वळवली. "विचारा ताईंना."

सगळी गल्ली ताईकडे वळली. नाही म्हणायला काही अडचण नव्हती. तिच्या हाताचं काम ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते पोपटाचं ऐकून पांढरेफटक पडले होते.

"हो," ताई म्हणाली. "मी बिघडवली. कुत्रं वाचावं म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि त्याआधी नीट केली, तीसुद्धा मीच."

 तिला वाटलं होतं, कुणीतरी शिवी देईल, निदान अंगावर येईल. लोक नुसते बघत राहिले आणि त्यांच्या त्या बघण्यातून तिला कळलं की शांतोबांच्या नजरेखाली माणसं गप्प का होत होती.

शांतोबांना मात्र आपण काय बोलून बसलो ते उमजलंच नव्हतं. नेमाचा अभिमान नडला. इतके दिवस कुणी पाहिलं का, म्हणून पोलीस विचारत होते. आता भर रस्त्यात सगळ्यांसमोर ते स्वतःच सांगून मोकळे झाले होते. मास्तर पुढे झाले.  त्यांनी शांतोबांच्या हातून बंदूक काढून घेतली, आणि शांतोबांनी ती दिली, एखाद्याला छत्री धरायला द्यावी तशी.

चौकीवर ताईलाही बोलावलं. तिने सगळं सांगितलं. हवालदाराने ते लिहून घेतलं आणि मग बंदूक उचलून खिडकीकडे धरून नळीत डोळा लावला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"बाई, हे तुम्ही घरी बसून केलंत?" तो म्हणाला. "आतून आरसा आहे हो. तोंडाशी तेवढं मारलंय, ते होईल की दुरुस्त." त्याने बंदूक खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, "माझ्या मेव्हण्याकडे एक आहे. बघाल का?"

ताई उठून बाहेर आली. बाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "झालं. घरी चल."

शिंपिणीचा डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या नखाएवढं वर लागलं असतं तर गेला होता. ताई दवाखान्यात गेली तेव्हा शिंपीण पट्टी बांधून भिंतीला टेकून बसली होती. ताईने माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "राहू दे. सगळ्यांनी तुला काय काय म्हटलंय, मी ऐकलंय." मग तिने गालावरची पट्टी चाचपली. म्हणाली, "मला एवढंच सांग, ती पहिल्यांदा नीट केलीस तेव्हा तुला बरं वाटलं होतं का गं?"

"खूप," ताई म्हणाली.

शिंपिणीने मान हलवली. "मला वाटलंच." तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर ताईचे कपडे तिने शिवायला घेतले नाहीत. हाताला वेळ नाही, असं सांगायची. मास्तर जिन्यात भेटले की बाजूला होऊन वाट देत आणि खाली बघत.

शांतोबा दंड भरून सुटले. बंदूक जप्त झाली. घरमालकाने खोली खाली करायला सांगितलं आणि एके दिवशी सकाळी त्यांचं सामान टेम्पोत चढलं. एकही भांडं वाजलं नाही. सगळं त्यांनी कापडात गुंडाळलं होतं. जाण्याआधी ते दुसऱ्या मजल्यावर आले. भाऊ कामावर गेला होता. ताईने दाराची साखळी काढली नाही.

"रागवलो नाही मी," फटीतून ते म्हणाले. "कलाकाराला आपलं काम मोडायचा हक्क असतो. नवी जागा चांगली आहे. शांत असायला हवी. समोर शाळा आहे म्हणे, पण बघू." त्यांनी नमस्कार केला आणि रबरी बुटांनी जिना उतरून गेले. ते खाली पोचले कधी, तिला कळलंसुद्धा नाही.

त्यांचा नवा पत्ता विचारायला ती चौकीवर गेली. हवालदार म्हणाला, "दंड भरलाय माणसाने. आता कुठेही राहील. आम्ही काय मागे फिरणार?" शाळेचं सांगितलं तर तो म्हणाला, "बंदूक जप्त आहे ना, बाई? मग?" मग तिने भावाला सोबत घेऊन गावातल्या शाळा पालथ्या घातल्या, समोरच्या इमारतींच्या गच्च्या बघत दोघं रस्त्यात उभे राहत आणि शिपाई त्यांनाच हटकत. शांतोबा कुठे दिसले नाहीत. भावाने क्लब सोडला. आपली बंदूक त्याने क्लबातच जमा केली आणि परत आणली नाही. कपाटातल्या लोकांच्या नळ्या ताईने जशा होत्या तशा ज्याच्या त्याला परत केल्या. काहींनी खूप आर्जवं केली. तिने कानाला खडा लावला होता.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी दारावर टकटक झाली. साखळी न काढता तिने फटीतून पाहिलं, एक अनोळखी तरुण होता. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. कापडाची गाठ नीटनेटकी मारलेली होती.

"ताई तुम्हीच ना? एका काकांनी पाठवलंय. म्हणाले, नवीनच घेतलीय, पण जरा भरकटते. तुमच्यासारखा हात दुसरा नाही म्हणाले."

"कुठे राहतात ते?" ताईने विचारलं. 

"ते सांगू नका म्हणाले."

"मी ते काम करत नाही."

तरुणाने खांदे उडवले. "बरं. दुसरीकडे बघतो. बाजारात एक जण करतो म्हणे."

"थांब," ताई म्हणाली आणि चपला शोधू लागली. पण साखळी काढून ती जिन्यापर्यंत येईतो तो खाली उतरला होता. ती गल्लीत आली. शिंपिणीने मशीनवरून मान वर केली. "इकडे कुणी गेला का? लांब पुडकं घेऊन?" ताईने विचारलं. शिंपिणीने हात बाजाराच्या दिशेने केला. पुढे रस्ता फुटत होता, माणसांची ये-जा चालू होती, आणि दोन्हीकडे कुठेच तो दिसत नव्हता. ताई उजवीकडे वळली आणि धावायला लागली.